एका डबीला सात मयत

आप्पांचा आवाज काढायचा असेल तर आधी नाक शिंकरून मोकळं करायचं. मग हनुवटी छातीला टेकवायची, जीभ जरा जड सोडायची आणि म्हणायचं, "नमस्कार." बस. इथंच थांबायचं. सगळी पोरं इथंच फसतात. 'नमस्कार' म्हणून लगेच पुढं पळतात. आप्पा पळायचे नाहीत. 'नमस्कार' म्हटल्यावर ते एवढा वेळ गप्प राहायचे की नव्या माणसाला वाटावं भोंग्याची वायर तुटली. मग सावकाश यायचं, "शहादा शहर... व परिसरातील... समस्त बंधू-भगिनींना... कळविण्यास अत्यंत दुःख होते की..."

आमच्याकडे माणूस गेला की व्हॉट्सॲपवर फोटो नंतर पडतो, आधी रिक्षा फिरते. ती रिक्षा आप्पांची. टपावर दोन भोंगे, एक पुढं तोंड करून, एक मागं. एका हातात हँडल, एका हातात माईक. माईकचं बटन दाबून दाबून अंगठा दुखला की बटनावरच रबर ताणून गुंडाळायचे, म्हणजे ते दाबलेलंच राहायचं. म्हशी हरवल्या, पोरं हरवली, पाणी दोन दिवस येणार नाही, हे सगळं आप्पाच सांगायचे. पण त्यांची खासियत मयत.

मी त्याच धंद्यातला, फक्त ते लाईव्ह आणि मी रेकॉर्डिंग. साड्यांचा सेल, इंग्लिश स्पीकिंगचा क्लास, डोळ्यांचा कॅम्प, असल्या जाहिराती. त्यातली बाई मी, लहान पोरगा मी, खोकणारा म्हातारा पण मी. आप्पा मला 'टेप' म्हणायचे. माझ्या रेकॉर्डिंगच्या दुकानासमोर रिक्षा थांबवून ओरडायचे, "ए टेप, आज काय बनना तू? बाई का बुवा?"

भोंग्यावर आप्पा कडक पुस्तकी मराठी बोलायचे. सातवी पास, पण 'ळ' असा काढायचे की मराठीच्या बाईंनी हेवा करावा. भोंग्यावरून उतरले की शुद्ध अहिराणी. बटन दाबलं की शाळा, बटन सोडलं की घर. एकदा मी त्यांच्या मागच्या सीटवर होतो. "अंत्ययात्रा त्यांच्या राहत्या घरून सायंकाळी ठीक पाच वाजता," एवढं झालं आणि समोर एक सायकलवाला आडवा आला. आप्पांनी बटन सोडलं. "ओ डोयाफोड्या, बाजू व्हय ना! तुन्ही बी काढू का पाच वाजता?" परत बटन दाबलं. "...निघेल."

तो थांबा त्यांनी मला शिकवला. म्हणजे मी चोरला होता, पण चोरलेला माल त्यांना पटला नव्हता. "तू पयस रे भो. कसाले पयस?" मग त्यांनी डाव्या हाताचं बोट वर केलं. "बोट वर शे तोपर्यंत चूप. बोट खाले उनं का बोल." मी विचारलं, आप्पा, एवढं कशाला थांबायचं? तर म्हणाले, "बायकास्ले हातमधलं भांडं ठेवीसन दारमा येवाले टाईम लागस. त्या येवाना आगोदर नाव सांगी दिधं ते पुन्हा इचारतीस, कोन मरनं, कोन मरनं. मरेल मानूसनं नाव एकदाव आयकू येवाले पाहिजे. बठ्ठास्ले." म्हणजे सगळ्यांना.

मेलेला माणूस स्वतः पाहिल्याशिवाय आप्पा रिक्षा काढत नसत. घरच्यांचा फोन आला तरी आधी तिथं जायचे, चप्पल काढून आत जायचे, चेहरा पाहायचे, वहीत नाव लिहायचे, मग भोंगा. याला कारण होतं. फार वर्षांपूर्वी म्हसावदच्या एका माणसाची मयत त्यांनी नुसत्या फोनवर सांगून टाकली. तिसऱ्या चौकात तोच माणूस सायकलवर मागून आला आणि म्हणाला, "आप्पा, टाईम ते सांग, माले बी येनं शे." तेव्हापासून आप्पांचा नियम. "मी देखाशिवाय कोनले मारत नही."

त्यांची बायको गेली तेव्हा मी म्हटलं, आप्पा, आज मी करतो. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. "तू बायकास्ना आवाज काढस. तिना काढी टाकशी." स्वतःच निघाले. सगळा गाव फिरले. तेच 'नमस्कार', तोच थांबा, तोच 'ळ'. आवाज इकडचा तिकडं झाला नाही. बायका म्हणाल्या, मेला दगडाचा आहे. आप्पांच्या कानावर गेलं तर म्हणाले, "रडीसन सांगं ते टाईम कोनले आयकू येस?"

आता साखर.

आप्पांना शुगर जुनी होती. गोळ्या संपून इन्सुलिनवर आले होते. दुपारी साडेबाराला पोटात सुई टोचायची, मग ताटावर बसायचं, हा डॉक्टरचा कायदा. आप्पा सुई बरोबर टोचायचे. ताट चुकायचं. सुई टोचली, भाकरी मोडली, तेवढ्यात फोन. आप्पा ताटावर ताट झाकून निघाले. मी एकदा म्हटलं, दोन घास खाऊन जा ना. "जेवन कोठे पयी जास? मयत पयी जास." खिशात लिमलेटच्या गोळ्या ठेवायचे, शुगर उतरली तर खायला. पण रिक्षामागे पोरं पळायची आणि पोरांना माहीत होतं कुठल्या खिशात काय आहे. दुपारपर्यंत खिसा रिकामा.

पहिल्यांदा झालं ते कापड बाजारात. ऐन गर्दी. मी समोरच्या चाचांच्या दुकानात बसलो होतो. हे चाचा ॲम्प्लिफायर रिपेअर करायचे, आप्पांचे भोंगे तेच सांभाळायचे. रिक्षा आली. "नमस्कार." थांबा. जरा जास्तच लांब थांबा. "शहादा शहर... व परिसर... परिसर..." आणि मग भोंग्यातून अहिराणी आली. भोंग्यातून! "ओ भो... कोन मरना रे? माले यादच येत नही. तुम्हनामा कोनी मरेल शे का? मरेल व्हई त्यानी हात वर करा."

बाजार फुटला. साडीवाला साडी टाकून हसत होता. मी तर दुकानाच्या पायरीवर लोळलो. फक्त चाचा हसले नाहीत. त्यांनी पाहिलं, आप्पांचा शर्ट पाठीपासून पोटापर्यंत भिजलेला. ते गेले, किल्ली काढली, आप्पांना हाताला धरून आणलं. "आप्पा, पहले ये पिओ." चहात चार चमचे साखर. दहा मिनिटांनी आप्पांनी मान वर केली. "काय व्हयनं?"

त्यांना काहीच आठवत नव्हतं. मला सगळं आठवत होतं. एकेक अक्षर. माझा कान तसाच आहे, मी काय करू.

पुढच्या आठवड्यात गणपतीच्या मंडळात माझा प्रोग्राम होता. मी नेहमीचे आवाज काढले, कोंबडा, कंडक्टर, हेडमास्तर. मग हनुवटी छातीला टेकवली. "मरेल व्हई त्यानी हात वर करा" म्हटलं आणि अख्ख्या मांडवानं हात वर केले. कोणीतरी रील केली. शाळेतली पोरं हजेरीला ते म्हणायला लागली. लग्नाच्या हळदीत मला त्याचीच फर्माईश.

आप्पांनी एकदाच विषय काढला. चहा पिता पिता. "मन्ही बाकीनी नक्कल कर. ती नको करू."

"हो आप्पा," म्हटलं. आणि पुढच्या प्रोग्रामला केली. लोक ऐकतच नव्हते.

दुसऱ्यांदा आप्पांनी रिक्षा उसाच्या उभ्या ट्रॉलीवर नेऊन घातली. लागलं नाही फार. पण त्यांची मुलगी नंदुरबारहून आली. आम्ही तिला ताई म्हणतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिनं आप्पांना डॉक्टरकडे नेलं, मला पण सोबत घेतलं, कारण आप्पा डॉक्टरनं सांगितलेलं घरी येईपर्यंत बदलून टाकतात.

डॉक्टरांनी समजावलं. "साखर उतरली की शरीर बोंब मारतं. घाम, थरथर, धडधड. यांच्या शरीरानं आता बोंब मारणं सोडलंय. यांना कळतच नाही. दंडाला सेन्सर लावा." ड्रॉवरमधून नमुन्याची डबी काढून दाखवली. आत दहाच्या नाण्यापेक्षा जरा मोठं पांढरं बटन. दंडाला चिकटवायचं. दर थोड्या वेळानं साखरेचा आकडा मोबाइलवर येतो. खाली चालली तर बाण खाली दाखवतो आणि वाजतो. "मुलीच्या मोबाइलवर पण वाजेल."

"कितला?" आप्पा.

"पाच हजारांच्या आत-बाहेर."

"जलमभर?"

"चौदा दिवस. मग दुसरं."

आप्पांनी तो 'नमस्कार'नंतरचा थांबा घेतला. मग म्हणाले, "मी एक मयतना सातशे लेस. म्हंजे एक डबीले सात मयत. डॉक्टरसाहेब, मी जगाले पाहिजे म्हनीसन दर पंधरा दिवसमा गावमा सात जन मराले पाहिजेत. हाई गावले कसं सांगू? भोंगावर सांगू?"

डॉक्टर हसले. मी हसलो. ताई हसली नाही. "आप्पा, पैसा मी भरसू."

"तुन्हा पगार तुन्हा पोरास्ना शे."

"पोरं मन्हा शेतस, मी देखसू."

"नही."

बाहेर रसवंतीवर आम्ही तिघं बसलो. आप्पांना पाणी, आम्हाला रस. तिथं खरं बाहेर आलं. आप्पा म्हणाले, "तू नंदुरबारमा बठीसन वर्गमा पोरास्ले बाराखडी शिकाडशी, आनि पर्समा मी वाजसू. आप्पा उतरना, आप्पा चढना. आखा गावनी बातमी मी सांगस. मन्ही बातमी मन्हा आगोदर कोनले जावाले नको."

ताईनं ग्लास ठेवला. "मग आम्हाला कसं कळणार आप्पा?" ती चिडली की मराठीत येते, बापासारखीच.

आणि आप्पांनी माझ्याकडे बोट केलं. "हाऊ शे ना. टेपले समजस. मन्हा आवाज फिरना का याले समजस."

खरं सांगतो, छाती फुगली माझी. कारण ते खरं होतं. साखर चढली की आप्पांचा आवाज कोरडा व्हायचा, शब्दाच्या शेवटाला चिरायचा. उतरली की जीभ जड, थांबे लांब, पुस्तकी मराठी आधी पातळ व्हायची आणि मग सुटायची. मी अख्खं आयुष्य लोकांचे आवाज चोरण्यात घालवलंय. हा तर मी सगळ्यात जास्त चोरलेला.

ताई म्हणाली, ठीक आहे, तीन आठवडे बघू. मग ठरवू.

तर मग चाचांच्या दुकानात रोज तमाशा. आप्पा यायचे, स्टुलावर बसायचे आणि म्हणायचे, "नमस्कार. शहादा शहर व परिसरातील समस्त बंधू-भगिनींना." मी डोळे मिटून ऐकायचो. "एकशे साठ." चाचा आप्पांच्या बोटाला टोचायचे, पट्टीवर थेंब. एकशे चौपन्न. टाळ्या. दुसऱ्या दिवशी, "दोनशे दहा, आप्पा, कोणाच्या तेराव्याला बुंदी खाल्ली?" दोनशे अठरा. "बुंदी नही. जिलबी." चाचा म्हणायचे, "अरे ये लडका मशीन है, इसको डब्बी में भर के बेचो." बाजारातले लोक जमायला लागले. चहाच्या पैजा लागायच्या. मी आकडा सांगण्याआधी कानाला हात लावून, डोळे फिरवून, देव अंगात आल्यासारखं करायचो. आप्पा पण मजा घ्यायचे. बोटं टोचून टोचून काळी पडली होती, पण मजा घ्यायचे.

एकदा चुकलो.

मी म्हणालो, "एकशे दहा. एकदम फर्स्टक्लास." आवाज सरळ होता, 'ळ' जागेवर होता, थांबा बरोब्बर. चाचांनी टोचलं. बासष्ट.

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. आप्पा अगदी नीट बसले होते. घाम नाही, काही नाही. चाचांनी घाईनं साखर दिली. मी म्हटलं, "पट्टी जुनी असेल." चाचा म्हणाले, "कल ही तो खोला डब्बा." मी म्हटलं, "मग तुमचा हात ओला असेल." चाचांनी पट्ट्यांचा डबा बंद केला. आप्पांनी वही खिशातून काढली, काहीतरी लिहिलं, परत ठेवली. ते सगळंच लिहायचे, मी लक्ष दिलं नाही.

तीन आठवडे झाले, रविवारी ताई आली. अंगणात बसलो. चाचांना पण बोलावलं होतं, पण त्यांच्याकडे पाहुणे होते. ताईनं मोबाइलवर ते सेन्सरचं पान उघडून ठेवलं होतं, नुसतं पैसे भरायचं बटन दाबायचं राहिलं होतं. ती माझ्याकडे वळली. "तू खरं सांग. तुझ्या कानावर ठेवू का मी यांना? घेऊ का नको?"

मला अजून ते तसंच दिसतं. तिचा अंगठा त्या बटनावर. आप्पा बाजेवर, एक पाय हलवत, जसं दुसऱ्याच कोणाचं चाललंय. आणि मी. मी काय केलं? मी मशीनचा आवाज काढला. नाकातून. "पीप पीप. पीप पीप. आप्पा, साखर एकशे चाळीस, बाण सरळ, चहा बिनसाखरेचा घ्यावा." ताई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी, कारण हसताना तिनं डोळे पुसले. मी अजून चढलो. "ताई, चौदा दिवसांनी मला बदलावं पण लागत नाही. चार्जिंग नाही, नेट नाही. फक्त कटिंग चहा."

"कितीदा चुकलास?"

"दोन-चार आकडे इकडंतिकडं," मी म्हणालो. "मशीन पण तेवढी चुकते."

बासष्टचं मी सांगितलं नाही. आप्पांनी पण सांगितलं नाही. ते त्यांचं बोट बघत होते, टोचलेलं.

ताईनं मोबाइल पर्समध्ये ठेवला.

त्यानंतर दोन-अडीच महिने सगळं ठीक चाललं. मी दिवसातून चारदा आप्पांना फोन करायचो. "हां बोल टेप." एवढ्यावर कळायचं. एकदा शंभरच्या खाली वाटले, पळत गेलो, गूळ खाऊ घातला. एकदा घरच्यांशी भांडून मी रुसलो होतो, तरी फोन केला. कामचुकारपणा केला असं कोणी म्हणू नये. मी मशीनपेक्षा इमानदार होतो. फक्त मशीन नव्हतो.

तो शुक्रवार होता. मला धडगावला एका शाळेच्या गॅदरिंगला बोलावलं होतं. सकाळी जीपनं घाट चढलो. सकाळचा फोन झाला होता. "हां बोल टेप. जाय, पन ती नको करजो." मी म्हटलं, नाही करत. पोरांनी ओरडून ओरडून मागितली. मी केली. "हात वर करा." चारशे पोरांचे हात.

दुपारचा फोन लागला नाही. तिकडं रेंज अशीच, एका खिडकीत येते, दुसऱ्या खिडकीत जाते. परत निघालो. जीपमध्ये चौदा-पंधरा माणसं, माझ्या मांडीवर कोणाची तरी पिशवी. घाटात एका वळणावर रेंज येते. तिथं सगळ्यांचे फोन एकदम वाजतात, देवळात घंटा वाजाव्यात तसे.

माझ्या फोनवर एकोणीस मेसेज. सगळे एकाच व्हिडिओचे. खाली हसणारे चेहरे. एका मित्रानं लिहिलं होतं, 'भाऊ लय भारी, पार्ट टू कधी केला? सांगितलं पण नाही.' दुसऱ्यानं, 'चौकात फुल गर्दी, भाऊचा नाद नाय.'

ड्रायव्हर म्हणाला, "मोठं लाव ना भाऊ, आम्हाला पण ऐकू दे."

मी लावलं. रिक्षा लांबून, हळूहळू, चौकात गोल फिरतेय. भोंगा चालू. "नमस्कार... शहादा... शे... शहादा शे..." जीप हसली. "ताट वाढेल शे ना माय... भूक लागनी... कोन मरना... भूक..." जीप अजून हसली. त्यांना 'हात वर करा' पाहिजे होतं. त्याचीच वाट बघत होते, शेजारची बाई तर आधीच हात वर करून बसली होती.

ते आलंच नाही.

मी काय करत होतो सांगू? मी आकडे मोजत होतो. सवयीनं. पहिल्या 'शे'ला साठ. 'माय'ला पन्नास. दुसऱ्या 'भूक'मधला 'क' आलाच नाही, जीभ उचललीच गेली नव्हती. चाळीस. त्याच्या खाली मला येत नाही. त्याच्या खालचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

व्हिडिओ आलेला दीड तासापूर्वी.

आप्पांना लावला, वाजून वाजून बंद झाला. चाचांचा बंद. शुक्रवार, नमाजला जाताना ते फोन दुकानात बंद करून ठेवतात. ताईला लावला. तिच्या शाळेत वर्गावर फोन नेत नाहीत, पर्स ऑफिसात. दुसऱ्याच कोणाला तरी लावला, तो म्हणाला, "काय ऍक्टिंग करतो राव तू!" मी ओरडलो, तो मी नाहीये, ते आप्पा आहेत. तो म्हणाला, "हां हां, पार्ट थ्री." आणि हसला. मी ओरडलो ना, ते पण त्याला आवाज काढल्यासारखंच वाटलं असेल.

पुढचं मला चाचांनी सांगितलं. आप्पांनी साडेबाराला सुई घेतली, ताट वाढलं, फोन आला. गेले, चेहरा पाहिला, नाव लिहिलं, रिक्षा काढली. चौकात दोन फेऱ्या मारल्या. मग रिक्षा आपोआप हळू हळू जाऊन पपईच्या हातगाडीला टेकली. पपईवाल्यानं हसत हसत ढकलून सावलीत लावली. माईकला रबर होतं. बटन दाबलेलंच. भोंग्यातून घोरण्याचा आवाज यायला लागला. चौकातल्या लोकांनी त्याचा पण व्हिडिओ काढला. 'आप्पांची दुपारची विश्रांती.' पाऊण तास. अख्ख्या चौकावर आप्पांचा श्वास, दोन्ही भोंग्यांतून, पुढं आणि मागं.

चाचा मशिदीतून बाहेर आले आणि लांबूनच त्यांना तो आवाज आला. भोंग्याचं काम करणारा माणूस, त्याला बिघाड ऐकू येतो. "मैं एक चप्पल में भागा रे," मला म्हणाले. "लोग बोले, चाचा, सोने दो ना."

दवाखान्यात मशीननं आकडाच दाखवला नाही. नुसतं 'लो'.

त्या दिवशीची अंत्ययात्रा थोड्याच माणसांत निघाली. गेलेल्याचं नाव भोंग्यावर आलंच नव्हतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात चौथ्या दिवशी मी ताईला सांगितलं. "ताई, एकदा चुकलो होतो. बासष्ट होती, मी एकशे दहा म्हणालो. तुला सांगितलं नाही." हे मी माझ्या आवाजात सांगितलं. माझा आवाज कसा आहे ते मला त्या दिवशी कळलं, बारीक आहे.

ताईनं पर्समधून आप्पांची वही काढली. अर्धवट राहिलेल्या मयतीचं नाव शोधायला तिनं ती पहिल्याच दिवशी उघडली होती. मधल्या पानावर, दोन मयतींच्या मध्ये, आप्पांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'टेप ११०. मशीन ६२.' खाली रेघ.

"मला माहितीये," ती म्हणाली. "त्यांना पण माहीत होतं." आणि वही परत ठेवली. तो विषय तिनं परत काढला नाही. आजपर्यंत नाही.

आप्पा सोळा दिवसांनी घरी आले. चालतात, धरून. जेवतात, भरवलं तर. साखर बराच वेळ तळाला राहिली की मेंदूचं असं होतं, डॉक्टर म्हणाले. 'हां' म्हणतात. 'नही' म्हणतात. कधी कधी दोन्ही एकाच प्रश्नाला. पुस्तकी मराठी गेली, अहिराणी पण गेली. मी माझ्या सगळ्या रील काढून टाकल्या, पण लोकांकडे आहेत. परवाच एक बारकं पोरगं रिक्षामागे पळत ओरडत होतं, हात वर करा.

ताई आता शहाद्यालाच राहते, रोज नंदुरबारला अपडाऊन करते. आप्पांच्या दंडाला सेन्सर आहे. घ्यायचा का नाही, हे या वेळी कोणी कोणाला विचारलं नाही. चौदाव्या दिवशी तो मी बदलतो. जुना सोलायचा, दंड पुसायचा, नवा दाबायचा. 'टक' असा आवाज होतो. आप्पा दचकत नाहीत. आकडा ताईच्या मोबाइलवर जातो आणि माझ्या पण, तिनंच जोडून दिला. एकशे बारा. एकशे वीस. एकशे नऊ. बाण सरळ. एवढी चांगली साखर आप्पांची कधीच नव्हती.

रिक्षा मी चालवतो. माणूस बघितल्याशिवाय निघत नाही. चप्पल काढतो, आत जातो, चेहरा पाहतो, त्याच वहीत नाव लिहितो. आणि निघण्याआधी आप्पांच्या घरावरून जातो.

काल दुपारी असाच गेलो. गेलेल्याचा भाऊ रिक्षात बसला होता, मी त्याला दारात थांबवून आत आलो. आप्पा बाजेवर, भिंतीला टेकून. मी समोर स्टुलावर बसलो. नाक शिंकरलं, हनुवटी छातीला टेकवली.

"नमस्कार."

आप्पांचं डावं बोट वर झालं.

मी थांबलो. बाहेर शेजारीण भांडी घासत होती, तिचा आवाज बंद झाला. मोबाइलवर एकशे चार, बाण सरळ. बाहेरून भावानं हाक मारली, "चाल ना भो, पाचना टाईम शे." मी हातानं त्याला थांब म्हटलं.

आप्पांचं बोट वरच होतं.